‘नातं म्हणजे रक्त’ म्हणणाऱ्यांनी कोल्हापूरची गादी बघावी

आमच्या पेठेतल्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. म्हणे नातं म्हणजे रक्त, बाकी सगळं मानलेलं. मामाच्या मुलीशी लग्न ही बाहेरून आलेली चाल, कायद्यानंही बंद. आणि एका आडनावाचे सगळे भाऊबंद.

शेवटचं आधी उरकू. कोल्हापूर जिल्ह्यात पाटील मराठा आहेत, जैन आहेत, लिंगायतही आहेत. पाटीलकी हे वतन, ज्याच्या घरी आलं त्याचं ते आडनाव झालं. मराठ्यांत सोयरीक जुळवताना देवक, म्हणजे कुळाचं पूज्य चिन्ह, विचारतात ते उगीच नव्हे.

आता रक्त. कोल्हापूरच्या गादीवर सलग तीन छत्रपती दत्तक आले. १८७० साली फ्लॉरेन्सला वारलेले राजाराम महाराज, त्यांच्यामागून चौथे शिवाजी आणि १७ मार्च १८८४ रोजी कागलच्या घाटग्यांचे यशवंतराव, म्हणजे आपले शाहू महाराज. जन्म घाटग्यांचा, वारसा भोसल्यांचा. हे नातं ‘नुसतं मानलेलं’ असं बिंदू चौकात उभं राहून म्हणून दाखवा की!

सुतकाचा हिशोब तर घरोघरचा. चार पिढ्यांमागं वेगळ्या झालेल्या घरातला चुलता गेला, ज्याचं तोंड फक्त वास्तुशांतीला दिसायचं, तरी भावकीला दहा दिवस. लग्न झालेली पोटची लेक मात्र बापाचं सुतक तीनच दिवस धरते. इथं रक्त कोण मोजतंय? लेक सासरच्या कुळात गेली, चुलता आपल्याच कुळात राहिला. मानववंशशास्त्रात याला पितृवंशीय व्यवस्था म्हणतात.

राहिली मामाची मुलगी. चुलत, मावस, आते, मामे, रक्तानं चौघी सारख्याच जवळच्या. तरी पहिल्या दोघी बहिणी आणि मामाची लेक हक्काची. आत्याची मुलगी करणं बरीच घरं टाळतात, कारण आपण जिथं लेक दिली तिथूनच लेक आणायची नसते. मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे यांनी १९५३ सालीच मांडलंय की उत्तरेत अशी लग्नं निषिद्ध, दक्षिणेत पसंतीची आणि महाराष्ट्र या दोन्हींच्या मधला पट्टा. मग ‘बाहेरून’ म्हणजे नेमकं कुठून?

कायद्याचं म्हणाल तर १९५५ चा हिंदू विवाह कायदा बहीण-भावाच्या मुलांचं लग्न निषिद्ध नात्यांत धरतो, पण रूढी असेल तर सूटही देतो. मेसेजवाल्यानं पुढचा अर्धा भाग गाळलाय.

जवळच्या नात्यातल्या लग्नांमुळं मुलांना आनुवंशिक आजारांचा धोका वाढतो, हे खरं आहे. चाल सोडायला तेवढं कारण पुरेसं आहे. गंमत म्हणजे, मेसेजात नेमकं तेच नाही.