पतंगांचं वीजबिल

परवा मला सोसायटीची रीतसर पावती मिळाली. 'बागेत दिवा लावणे : रु. १०/-'. खाली सही, वर शिक्का. दहा रुपयांचं काही नाही हो, शिक्का झोंबला.

निसर्गमंडळातर्फे बागेतल्या पतंगांची, म्हणजे दिव्यावर झेपावणाऱ्या किड्यांची, नोंद करायची होती. रात्री दिवा लावायचा, शेजारी चादर टांगायची आणि तिच्यावर जे बसतील त्यांचे फोटो काढायचे. जुलैच्या शेवटी जगभर पतंग सप्ताह असतो. तो २०१२ साली सुरू केला न्यू जर्सीतल्या मंडळींनी. तिकडे तेव्हा उन्हाळा. पुण्यात तेव्हा आभाळ गळत असतं, आणि तापलेल्या दिव्यावर पाण्याचा थेंब पडला की काच तडकते. म्हणून आधी वर आडोसा. होल्डर चिनी मातीचा, कारण प्लॅस्टिकचा वितळतो. चादर पांढरी आणि सुती, पॉलिएस्टरवर पतंगांचे पाय ठरत नाहीत. तिची खालची हातभर कड जमिनीवर पसरायची. बरेच जण गवतातच उतरतात आणि आपल्याच चपलेखाली येतात.

एवढं बांधून झालं आणि खजिनदार काका अवतरले. बर्म्युडा, खांद्यावर नॅपकिन, हातात टॉर्च.

"पिक्चर कोणता?"

"पतंगांची नोंद करतोय, काका."

"नोंद? म्हणजे ते इथे राहायला येणार?"

"राहतातच ते इथे."

"कुठल्या विंगमध्ये?"

मग मुद्दा निघाला मीटरचा. मी हिशोब मांडला : १६० वॅटचा मर्क्युरी दिवा, चार तास, म्हणजे ०.६४ युनिट. "एक धरू," काका म्हणाले, आणि मीटर किती पळतोय ते बघायला त्यांनी सरळ बटण बंद केलं.

हा दिवा बंद केला की लगेच पेटत नाही. आतल्या पाऱ्याच्या वाफेचा दाब गरम असताना इतका असतो, की ती निवेपर्यंत ठिणगी धरत नाही. पाच-दहा मिनिटं नुसतं थांबायचं. काकांनी तेवढ्यात बटण सात वेळा खालीवर केलं. चादरीच्या कडेला नुकताच ऑलिएंडर हॉक मॉथ नावाचा पतंग बसला होता : हिरव्या अंगावर गुलाबी-पांढरी नक्षी, थेट लष्करी गणवेश. नोंदीला वरून काढलेला, पंखांची नक्षी दिसणारा फोटो लागतो, शेजारी मोजपट्टी असली तर उत्तम. आमच्याकडे होतं त्याचं बूड, तेही हललेलं. अंधारात त्याने पंख थरथरवून अंग तापवलं आणि गेला.

काका मात्र अंधारात खुलले. "प्रकाशावर प्रेम असतं हो त्यांचं. उगाच नाही जळून मरत."

मी सांगितलं, २०२४ साली संशोधन प्रसिद्ध झालंय. उडताना किडे पाठ उजेडाकडे ठेवतात. एरवी उजेड आभाळात असतो, म्हणून जमतं. दिवा बाजूला आला की पाठ तिकडे वळवता वळवता ते कलंडतात आणि गरगरत राहतात.

"म्हणजे प्रेम नाही?"

"नाही काका, तोल जातो."

"मग मी वेगळं काय म्हणालो?"

यावर बोलण्यासारखं काही नव्हतं. बोलण्यासारखं होतं ते समोर, भिंतीवर : ५० वॅटचे आठ एलईडी झोत, संध्याकाळी सातपासून सकाळी सहापर्यंत, रिकाम्या घसरगुंडीवर. रोज ४.४ युनिट. त्यांची पावती कुणाच्या नावाने फाडायची? आपल्या चादरीवर काही यावं तर आसपास अंधार हवा, म्हणून "चार तास ते बंद ठेवा" असा अर्ज दिला होता. उत्तर आलं, सुरक्षितता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तगरीची खाल्लेली पानं आणि खाली पडलेल्या काळ्या लेंड्या मी काकांना मुद्दाम दाखवल्या. त्याच हॉक मॉथची अळी ती. बोटाएवढी, हिरवी, डिवचली की पुढचं अंग फुगवून दोन निळे डोळे दाखवते. हे डोळे खोटे, पण काका एक पाऊल मागे सरले. "बरं झालं सांगितलंत," म्हणाले.

दुपारी माळी पंप घेऊन हजर. फवारणीचे अठराशे रुपये कॉमन खात्यातून गेले. त्याला कुणी विचारलं नाही, कुठल्या मीटरवर.