ब्लूटूथ स्पीकर अलेक्साला जोडा, पण त्या मेसेजच्या भरवशावर नको

गणपती जवळ आले की नाशकातल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर दोन गोष्टी हमखास येतात. एक वर्गणीची यादी, आणि दुसरा कमी पैशांत गाण्यांची सोय कशी करायची याचा मेसेज. आमच्या इंदिरानगरच्या ग्रुपवर आलेला मेसेज नंतर नातेवाइकांच्या ग्रुपवरही तसाच्या तसा दिसला. त्यात म्हटलंय ते थोडक्यात असं: सगळ्यात स्वस्त स्मार्ट स्पीकर (तोंडी हुकूम ऐकणारा) घ्या आणि घरात पडलेले ब्लूटूथ स्पीकर त्याला जोडा. जुना स्पीकर स्मार्ट होतो, कुठल्याही खोलीतून हुकूम सोडा. आवाज दुप्पट होतो. हवे तितके स्पीकर जोडता येतात. एकदा जोडलं की नेट लागत नाही. ब्लूटूथ ५.० असेल तर २०० मीटरपर्यंत चालतं. पहाटे सहाला आरती आपोआप लागते.

मेसेज पूर्ण खोटा असता तर त्यावर इतकं लिहावं लागलं नसतं. जोडता येतं, हे अगदी खरं आहे. ॲमेझॉनच्या इकोला, म्हणजे अलेक्सा ज्यातून बोलते त्या स्मार्ट स्पीकरला, येतं, आणि गूगलनेही २०१८ मध्ये आपल्या, पुढे नेस्ट नावाने आलेल्या, स्पीकरना ही सोय दिली. ॲपलच्या होमपॉडमधून मात्र ब्लूटूथ स्पीकरला गाणी पाठवता येत नाहीत, त्यामुळे ‘कुठलाही स्मार्ट स्पीकर चालेल’ असं समजून खरेदीला निघू नका. गडबड आहे ती पुढच्या दाव्यांत.

‘जुना स्पीकर स्मार्ट होतो.’ होत नाही. ब्लूटूथ स्पीकर इथे मंडपाबाहेर खांबाला बांधलेल्या कर्ण्याचं काम करतो. कर्णा बोलतो, ऐकत नाही. तुमच्या स्पीकरला माइक असेलही, पण तो फोनवर बोलण्यासाठी दिलेला असतो. गाणी पाठवण्याचा ब्लूटूथचा मार्ग वेगळा आणि एकेरी आहे, त्यातून तुमचा आवाज उलटा अलेक्सापर्यंत जात नाही. स्वयंपाकघरातल्या ब्लूटूथ स्पीकरसमोर उभं राहून कितीही ओरडा, ऐकणारे कान हॉलमधल्या इकोलाच आहेत. आमच्या खालच्या मजल्यावरचे काका ‘अहो, हा माझं ऐकतच नाही’ म्हणून तो स्पीकर दुकानदाराकडे परत न्यायला निघाले होते. स्पीकर ठणठणीत होता.

यातून आणखी एक अडचण निघते, तिच्याबद्दल मेसेज गप्प आहे. लोक दोन्ही स्पीकर टीव्हीच्या युनिटवर शेजारी-शेजारी ठेवतात. स्मार्ट स्पीकर स्वतः वाजवत असलेला आवाज ओळखून वजा करू शकतो, म्हणून तर गाणं चालू असतानाही त्याला तुमची हाक कळते. बाहेरच्या स्पीकरचा आवाज ब्लूटूथमुळे किंचित उशिरा येतो, तिथे हे गणित अवघड होतं. वर तो स्पीकर मोठा असेल तर तुमची हाक त्यातच बुडते. ॲमेझॉन दोघांत किमान तीन फूट अंतर ठेवायला सांगतं. शक्य असेल तर मी त्याहून जास्त ठेवायला सांगेन.

‘आवाज दुप्पट होतो.’ म्हणजे दोन्हींतून एकदम वाजतं, असं मेसेज लिहिणाऱ्याला वाटतं. इकोला ब्लूटूथ स्पीकर जोडला की इकोचा स्वतःचा स्पीकर गाण्यांपुरता बाजूला होतो, आणि अलेक्साची उत्तरंही बाहेरच्या स्पीकरमधून येतात. गूगलचं वेगळं आहे. तिथे गाणी ब्लूटूथवर जातात, पण उत्तरं नेस्टमधूनच येतात. दोन्हीकडे गाणं वाजवणारा स्पीकर एकच. आणि समजा, एकसारखे दोन स्पीकर खरंच एकत्र वाजवले, तरी त्याने साधारण ३ डेसिबलची भर पडते. कानाला दुप्पट वाटायला १० च्या आसपास लागतात. तुमचा ब्लूटूथ स्पीकर मोठा आणि दमदार असेल तर फरक नक्की पडेल, पण तो त्या स्पीकरच्या जिवावर.

‘हवे तितके स्पीकर जोडा.’ इको एका वेळी एकाच ब्लूटूथ उपकरणाशी जोडलेला राहतो. त्याची सगळ्या घरात एकत्र गाणी वाजवण्याची सोय वायफायवर चालते, तिच्यात ब्लूटूथ स्पीकर बसत नाही. गूगलने ही सोय आणताना असा स्पीकर ग्रुपमध्ये घेता येईल असं सांगितलं होतं, पण तिथेही एका नेस्टमागे एकच स्पीकर धरा. काही कंपन्यांचे ब्लूटूथ स्पीकर आपसांत जोडले जातात, ती त्या कंपनीची सोय झाली. त्यात अलेक्साचा काही हात नाही.

‘नेट लागत नाही.’ हा दावा नाशिककरांनी तरी खरा मानू नये. वळवाच्या पहिल्याच पावसात लाईट गेली की काय होतं, आठवून बघा. राउटर बंद, आणि इको थेट प्लगवर चालणारा असल्याने तोही बंद. ब्लूटूथ फक्त शेवटच्या काही फुटांचं काम करतं. तुमची हाक समजून घेणं आणि गाणं शोधून आणणं इंटरनेटपलीकडच्या सर्व्हरवर होतं. गंमत म्हणजे अशा वेळी चालू राहतो तो तोच ‘जुना’ ब्लूटूथ स्पीकर, कारण त्याला बॅटरी आहे. तो सरळ फोनला जोडा, फोनमध्ये उतरवून ठेवलेली आरती वाजेल.

‘५.० असेल तर २०० मीटर.’ हा गैरसमज जाहिरातींनी पसरवला आहे. ब्लूटूथ ५ मध्ये पल्ला चौपट झाला, हे खरं. पण ती वाढ कमी ऊर्जेवर चालणाऱ्या ब्लूटूथची, सेन्सरसारख्या उपकरणांसाठी. या जोडणीत गाणी जातात ती जुन्याच, क्लासिक पद्धतीने, आणि घरगुती स्पीकरचा पल्ला साधारण १० मीटर धरावा. तोही मोकळ्या जागेत. रविवार कारंज्यामागच्या एखाद्या वाड्यातल्या जाड भिंतीपुढे तो आणखी आखडतो. नव्या फ्लॅटमध्ये वेगळं संकट. ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात चालतं, त्याच पट्ट्यात वरच्या, खालच्या आणि शेजारच्या घरांचे वायफाय आणि तुमचा मायक्रोवेव्ह. ब्लूटूथ त्या पट्ट्यात ७९ चॅनेलवर सेकंदाला १६०० वेळा उड्या मारत मोकळी जागा शोधतं, म्हणून निभावतं. तरी पोहे गरम करायला ठेवले आणि गाणं तुटू लागलं, तर स्पीकरला दोष देऊ नका.

आता जोडणीकडे. मेसेज म्हणतो पाच मिनिटांत होतं. होतं, पण आधी घरातल्या सगळ्या फोनचं ब्लूटूथ बंद करा. जोडणी फसण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण हेच: स्पीकर सुरू होताच जुन्या ओळखीच्या फोनला जाऊन चिकटतो, आणि अलेक्सा बिचारी शोधत बसते. मग स्पीकर पेअरिंगमध्ये (नव्या जोडणीला तयार) टाका, बहुतेकांवर ब्लूटूथचं बटण दाबून धरावं लागतं. अलेक्सा ॲपमध्ये इकोच्या सेटिंगमध्ये ब्लूटूथ उपकरणं दिसतात. गूगल होम ॲपमध्ये नेस्टच्या सेटिंगमध्ये ऑडिओ, तिथे डीफॉल्ट म्युझिक स्पीकर, आणि त्यातच ब्लूटूथ स्पीकर पेअर करायचा पर्याय. जोडताना पिन मागणारे फार जुने स्पीकर इकोला चालत नाहीत. पुढच्या वेळी नुसतं ‘अलेक्सा, कनेक्ट’ म्हटलं तरी भागतं, स्पीकर चालू असेल तर.

त्या ‘चालू असेल तर’पाशीच पहाटेची आरती अडते. बहुतेक ब्लूटूथ स्पीकर काही मिनिटं आवाज आला नाही की बॅटरी वाचवायला स्वतःच बंद होतात. पहाटे सहाचं रुटीन (अलेक्साला आधीच लावून ठेवलेलं काम) बरोबर सुटेल, पण रात्रभर झोपलेल्या स्पीकरचं बटण अलेक्सा दाबू शकत नाही. पहाटेसाठी स्मार्ट स्पीकरचाच आवाज वापरा, किंवा लवकर उठणाऱ्या आजींना बटण दाखवून ठेवा. आमच्याकडे दुसरा उपाय जास्त चालतो.

ब्लूटूथच्या कटकटी टाळायच्या तर वायर बरी, कारण वायरीला पेअरिंग नाही आणि पल्ल्याची भानगड नाही. मात्र महात्मा गांधी रोडवर जाऊन ऑक्स केबल, म्हणजे ऑडिओची वायर, घेण्याआधी आपला स्मार्ट स्पीकर मागच्या बाजूने बघा. २०२२ च्या, पाचव्या पिढीच्या इको डॉटला ते ३.५ मिलिमीटरचं भोक नाही. नेस्ट मिनीलाही नाही. तुमच्या जुन्या डॉटला असलं, आणि ब्लूटूथ स्पीकरलाही ऑक्सचं भोक असलं, तरच केबल घ्या.