टाचा वर, टाचा खाली

मोज्याच्या इलॅस्टिकचा वळ रात्री जेवेपर्यंत पायावरून जात नाही, इतकी माझ्या पायांना संध्याकाळी सूज येते. हृदय, किडनी, थायरॉईड सगळं तपासून झालं. काही निघालं नाही. मग डॉक्टरांनी फिजिओथेरपिस्ट बाईंकडे पिटाळलं.

बाईंनी भिंतीवरच्या चित्रातलं हिरव्या रेघांचं जाळं दाखवलं. ही म्हणे लसिका संस्था. रक्तवाहिन्यांतून पाझरून मागे राहिलेलं पाणी गोळा करायचं, दिवसाला साधारण 3 लिटर, आणि गळ्याखालच्या मोठ्या शिरेत परत सोडायचं. रक्ताला ढकलायला हृदय आहे, हिला तसा पंप नाही. नळ्या आपणहून आकसतात, आतल्या झडपा पाणी मागे येऊ देत नाहीत. उरलेला भार तुमच्या पोटऱ्यांवर आणि श्वासावर. थोडक्यात, मोटार नाही, हापसा आहे. हापसायचं आपणच.

व्यायाम ऐकायला अगदी बालवाडीतले. खुर्चीतच टाचा वर, टाचा खाली. घोटे गोल फिरवा. पोट फुगवून श्वास घ्या, सावकाश सोडा. अधूनमधून उठून चाला. रात्री पाय उशीवर ठेवून पडा (हा भाग मी फार निष्ठेने करतो).

ऑफिसात टेबलाखाली टाचा सुरू केल्या की वरचा चहा हिंदकळतो. साहेबांनी एकदा जवळ येऊन हळूच विचारलं, "त्या फाईलमध्ये काही भानगड आहे का हो?"

चालायचं म्हणावं, तर धुळ्याचा मे महिना. सूर्य उगवायच्या आत पांझरेच्या काठी जावं लागतं, आणि तिथे सल्लागार टपलेले. कुणी म्हणतं कोरड्या ब्रशने अंग घासा, कुणी विषद्रव्यं काढणारा काढा घ्या. बाईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "चाला. आणि एकच पाय अचानक सुजला, लाल झाला, दुखायला लागला, तर टाचा हलवत बसू नका, डॉक्टर गाठा."

घरी ओसरीवर डोळे मिटून पोट फुगवत होतो, तर काकू ओरडली, "कानबाईले आजून टाईम शे! आतेच आंगमा उनं का तुना?" (कानबाई ही आमच्या खानदेशातली श्रावणातली देवी. तिच्या उत्सवात अंगात येतं.)

समजावून सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं. बिबड्यांचे, म्हणजे ज्वारीच्या पापडांचे, दिवस होते. ज्वारीच्या घाट्याचं पातेलं चुलीवरून नुकतंच उतरलं होतं. "तुले हालानंच शे ना? मंग हाई पातेलं गच्चीवर लई जाय."

मग पाटी, मग जुनी धोतरं, मग वाऱ्याने उडू नयेत म्हणून धोतरांवर ठेवायला विटा. काकू स्वतः उकिडवी बसून बिबडे थापत सरकत होती, उठत होती, पुन्हा बसत होती. सत्तरी उलटलेली, घोट्याचं हाड लख्ख दिसत होतं.

पुढच्या भेटीत बाईंनी माझा पाय अंगठ्याने दाबून पाहिला. खड्डा पडला नाही. काय केलंत म्हणून विचारलं, तर मी जिना, पातेलं, विटा सगळं सांगितलं. त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं, मग पेन खाली ठेवलं.

"काकू बिबडे विकत देतात का हो?"