एकट्याच्या खेळाला सर्व्हरची संमती कशासाठी?

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा संमत केला. तेव्हापासून पुण्यातील नातेवाईक आणि मित्र यांच्याशी बोलताना व्हिडिओ गेमचा विषय निघाला, की चर्चा पैसे लावून खेळायच्या रमीवर आणि मुलांना लागणाऱ्या नादावर जाऊन थांबते. ती काळजी रास्त आहे. मात्र त्या गदारोळात ग्राहकहिताचा एक साधा प्रश्न मागे पडतो, आणि म्युनिकमध्ये राहून पुण्यातली चर्चा ऐकताना तो मला अधिकच बोचतो. पूर्ण किंमत मोजून घेतलेला, एकट्यानेच खेळायचा आणि दुसऱ्या कोणत्याही खेळाडूशी संबंध नसलेला खेळ सुरू करायलाही कंपनीच्या सर्व्हरची संमती का लागावी?

स्टीम या ऑनलाइन दुकानातून घेतलेले खेळ हातात धरून खेळण्याची स्टीम डेकसारखी यंत्रे आल्यापासून हा प्रश्न टाळता येण्यासारखा राहिलेला नाही, कारण ती घराबाहेर नेण्यासाठीच बनवलेली आहेत. कोथरूडला राहणारा माझा भाचा डेक्कन क्वीनने मुंबईला जाताना ते यंत्र सोबत नेतो. लोणावळा सोडून गाडी बोरघाटातील बोगद्यांत शिरली, की सिग्नल जातो आणि त्याच्या आवडीचा एक खेळ, ज्यात तो एकटाच असतो, संपर्क तुटल्याचे सांगून बंद पडतो. स्टीमची स्वतःची ऑफलाइन सोय चांगली आहे. अडचण येते ती अनेक प्रकाशक त्यावर आपला वेगळा लाँचर (खेळ सुरू करून देणारा प्रोग्राम) आणि वेगळे लॉगिन लादतात तेव्हा. शिवाय डेकवर विंडोजचे खेळ प्रोटॉन या मधल्या थरातून चालतात आणि डेनुव्हो ही चोरीविरोधी यंत्रणा प्रोटॉनची प्रत्येक वेगळी आवृत्ती नवे यंत्र म्हणून मोजू शकते. खेळ नीट चालावा म्हणून कोणी चार-पाच आवृत्त्या बदलून पाहिल्या, तर खऱ्या ग्राहकालाच चोवीस तास बाहेर ठेवले जाते. चोरी रोखण्यासाठी केलेला बंदोबस्त अशा वेळी पैसे भरणाऱ्याच्याच मुळावर येतो.

‘आता नेट कुठे नसते?’ असे पुण्यातील मित्र विचारतात. डेटाच्या बाबतीत पुण्यापुरते त्यांचे म्हणणे मला मान्य आहे, कारण म्युनिकमध्ये तो पुण्यापेक्षा पुष्कळ महाग पडतो आणि बव्हेरियातील लहान गावांमधून जाणाऱ्या रेल्वेत सिग्नल सर्रास जातो. पण नेट कितीही चांगले असले तरी मूळ प्रश्न सुटत नाही. मार्च २०२२ मध्ये ग्रान तुरिस्मो ७ या मोटारशर्यतीच्या खेळाचे सर्व्हर तीस तासांहून अधिक काळ बंद राहिले, तेव्हा घरी उत्तम फायबर असणाऱ्यांनाही एकट्याने खेळायचा बहुतेक भाग उघडता आला नाही. युबिसॉफ्ट या खेळ बनवणाऱ्या कंपनीने ‘द क्रू’ या खेळाचे सर्व्हर ३१ मार्च २०२४ रोजी कायमचे बंद केले आणि त्यासोबत त्यातील एकट्याने खेळायची कथाही संपली. वाचनालयातून आणलेले पुस्तक परत द्यायचे असते, हे सभासदाला पहिल्या दिवसापासून ठाऊक असते. इथे मात्र विक्रीच्या किमतीत सभासदत्व दिले जाते आणि मुदत कंपनी नंतर ठरवते.

‘द क्रू’ बंद झाल्यानंतर रॉस स्कॉट या यूट्यूबरने, विकलेले खेळ पुढेही खेळता यावेत म्हणून, ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही मोहीम सुरू केली आणि जुलै २०२५ मध्ये तिच्या युरोपीय नागरिक याचिकेने दहा लाख सह्यांचा टप्पा ओलांडला. खेळ कायम चालवण्याची सक्ती केल्यास ते बनवणे अतिशय महाग होईल, असे उद्योगाच्या संघटनेचे उत्तर होते. शेकडो लोकांनी एकत्र खेळायच्या खेळांबाबत त्यात तथ्य आहे. एकट्याच्या खेळाबाबत मला ते पटत नाही. सिमसिटी या शहर उभारण्याच्या खेळाला २०१३ मध्ये सतत नेट लागत असे आणि ते काढणे फार कठीण असल्याचे सांगितले गेले, पण २०१४ मध्ये त्याच कंपनीने ऑफलाइन खेळण्याची सोय दिली. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून विक्रेत्याला आपण केवळ परवाना विकत आहोत, हे ग्राहकाला स्पष्ट सांगावे लागते. हा उपाय अपुरा आहे, कारण सूचना वाचूनही बोगद्यात खेळ सुरू होत नाही.

आपल्याकडे नव्या कायद्याची वाट पाहण्याची गरज नाही, असे माझे मत आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अन्यायकारक करार ही संकल्पना आहे आणि त्याविरुद्ध राज्य आयोगाकडे दाद मागता येते. वाजवी कारणाशिवाय एकतर्फी करार संपवण्याची मुभा कंपनीला देणे, हा त्यातील एक प्रकार आहे. ग्राहक पंचायतीची चळवळ १९७४ मध्ये पुण्यातच सुरू झाली, आणि युबिसॉफ्टचा स्टुडिओही २००८ पासून याच शहरात आहे. म्हणजे खेळ विकत घेणारे आणि बनवणारे दोघेही इथे समोरासमोर बसू शकतात. त्यांच्यापुढे दोन मागण्या ठेवाव्यात. एकट्याने खेळायचा भाग नेटशिवाय किती दिवस चालेल, हे किमतीच्या शेजारी तितक्याच ठळक अक्षरांत लिहावे, आणि सर्व्हर बंद करण्यापूर्वी तो भाग ऑफलाइन चालवणारा अपडेट प्रत्येक ग्राहकाला मोफत द्यावा.