मोजणीवाला आलाय

डिसेंबर-जानेवारीत आमच्या लातूरकडचं आभाळ एकदम स्वच्छ असतं. पावसाच्या बाबतीत आमचं नशीब कसंय ते सगळ्या महाराष्ट्राला माहितीये, पण ढग नसण्याचा फायदा होणारी एक जमात आहे, ती म्हणजे आम्ही दुर्बीणवाले. तर कृत्तिकांचा फोटो काढायला मी औसा तालुक्यात मामाच्या शेतात गेलो. वर काही अडचण नसते हो, सगळा ताप खालच्यांचा.

तीन पायांचा स्टँड रोवला की माणसं जमलीच. शक्तिपीठ महामार्ग जिल्ह्यातून न्यायचं चाललंय, त्यामुळं तीन पायांचं काहीही दिसलं की लोकांना मोजणीच वाटते. "साहेब, आमचा गट नंबर जातोय का?" म्हणलं काका, तारे बघायलोय. तर म्हणले, "आधी समदे असंच म्हणतेत." तिकडं हिंगोलीत औंढा नागनाथजवळ लायगोच्या, म्हणजे गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या वेधशाळेच्या, चार-चार किलोमीटरच्या भुजा होणारेत, त्या लोकांना काय काय ऐकावं लागत असेल देव जाणे.

मग ध्रुव. माउंटचा, म्हणजे दुर्बीण ताऱ्यांबरोबर फिरवणाऱ्या यंत्राचा, अक्ष त्याच्याकडं नीट लावला नाही तर ताऱ्यांच्या रेघोट्या येतात. आणि ध्रुव दिसतो आपल्या अक्षांशाएवढ्याच उंचीवर, म्हणजे आमच्याकडं जेमतेम 18 अंश, आणि तिथं बरोबर मामाची चिंच. एक फांदी तोडू का म्हणलं तर मामा म्हणाले, "तुझा ध्रुव सरकव की." शेवटी मीच सरकलो, हरभऱ्याच्या बांधावर, दुर्बीण, लॅपटॉप आणि माउंटची मोटर चालवायला ट्रॅक्टरची 12 व्होल्टची बॅटरी, सगळं वाहून.

30-30 सेकंदाचे फोटो चालू झाले. आता कृत्तिकांचे तारे तर कुणालाही येतात, खरी मजा आहे ती त्यांच्याभोवतीच्या निळ्या धुरकटात. ती धूळ आहे, ताऱ्यांच्या उजेडात चमकणारी, आणि इतकी फिकट की एका फोटोत जवळपास काहीच दिसत नाही. म्हणून शे-दीडशे काढायचे. तेवढ्यात शेतीची लाईट आली, मोटार आपोआप सुरू, शेडवरचा बल्ब पण सुरू. तो बंद करून येतो तर रानडुकरं हाकणाऱ्या गड्यानं "कोण हाय रं तिकडं?" करत बॅटरी मारली ती थेट नळीत. मामांना म्हणलं, हा उजेड तिथून निघून 440 वर्षं झाली, तेव्हा पैठणात नाथमहाराज हयात होते. मामा म्हणाले, "बरं हाय. आपल्या डीपीवरून मोटारीपत्तोर लाईट यायला आठ-आठ दिस लागतेत."

पहाटे फ्लॅट घ्यायचे, म्हणजे नुसत्या कोऱ्या उजेडाचे फोटो, त्यांच्यामुळं लेन्सवरची धूळ आणि कडेचा काळपटपणा नंतर काढून टाकता येतो. त्यासाठी नळीच्या तोंडाला पांढरं कापड ताणावं लागतं. मी बनियन ताणलं. मामांचं, नवं. मामी काही बोलल्या नाहीत, नुसतं बघितलं.

हे सगळं परवडलं पण घरी येऊन लॅपटॉपसमोर बसणं नको. शंभर फोटो एकावर एक रचले की फोटोतली दाणेदार खरखर दहापट कमी होते, हे गणित सोपंय, पण माझा लॅपटॉप ते करताना पिठाच्या गिरणीसारखा आवाज करतो. आणि एवढं करून पडद्यावर येतं काय, तर काळं. "काळंच हाय की," आई म्हणाली. मग ते स्ट्रेच करायचं, म्हणजे अंधूक भाग उजळत न्यायचा, हळूहळू धूर वर यायला लागतो, आणखी थोडं, आणखी थोडं, रात्रीचे दोन वाजतात आणि धूर निळ्याचा जांभळा होतो. परत मागं. ही फोटोग्राफी नाहीच माझ्या मते, भाजीत मीठ कमी-जास्त करत बसणंय.

शेवटी जमला, कृत्तिकांतल्या मेरोपी ताऱ्याभोवतीचा पदरसुद्धा आला. मामांच्या भिंतीसाठी मोठा प्रिंट काढायला एका स्टुडिओत फाईल दिली. दुसऱ्या दिवशी गेलो तर पोरगं एकदम खुश.

"दादा, फोटोवर बारके ठिपके लई होते अन् निळा धूर पण आला होता. सगळं साफ करून दिलंय, मोठे सात तेवढे ठेवले. साफ करायचे पैसे नाही लावले तुम्हाला."