मी, पुढचं चाक

काल संध्याकाळी मी आमच्या गल्लीत आरव्हीचं, म्हणजे आत झोपायची-स्वयंपाकाची सोय असलेल्या लांबलचक गाडीचं, पुढचं चाक झालो होतो. बायको मागचं चाक होती आणि चिरंजीव शेपूट. तिघांच्या हातात कपडे वाळत घालायची दोरी होती आणि फूटपाथवर उभं राहून एक गृहस्थ "वळ! आता वळ! अरे शेपटाकडे बघ!" असं ओरडत होते. हे सगळं एका निवांत सहलीच्या तयारीसाठी चाललं होतं, हे मला आज सकाळपासून कुणालाही पटवता आलेलं नाही.

बेत साधा होता. उन्हाळ्याच्या सुट्टीत आरव्ही भाड्याने घ्यायची आणि कॅलिफोर्नियाचा समुद्राकाठचा हायवे वन धरून सॅन फ्रान्सिस्कोहून खाली लॉस एंजेलिसकडे निघायचं. उत्तरेकडून दक्षिणेकडे, कारण इथे गाड्या उजवीकडून चालतात, त्यामुळे समुद्र आपल्या बाजूला राहतो. वाटेल तिथे थांबायचं, चहा टाकायचा, झोप आली की झोपायचं.

यातलं 'वाटेल तिथे' सगळ्यात आधी निकालात निघालं. वाटेतल्या बिग सूर या डोंगराळ किनाऱ्याच्या भागात हायवेच्या कडेला रात्री गाडी लावून झोपायला बंदी आहे, तशा पाट्याच लावल्या आहेत. म्हणजे कॅम्पग्राउंड हवं. त्या किनाऱ्यावरच्या सरकारी उद्यानांमधल्या कॅम्पसाइटचं बुकिंग सहा महिने आधी सकाळी आठ वाजता उघडतं. आता मला सांगा, ज्याला निवांत हिंडायचंय तो माणूस सहा महिने आधी सकाळी पावणेआठला अंघोळ करून लॅपटॉपसमोर बसेल का? पण लोक बसतात. घरातला प्रत्येक जण वेगळा लॅपटॉप घेऊन बसतो म्हणे. आठाचे ठोके पडून मी 'बुक' हे बटण शोधेपर्यंत बिग सूर संपलेलं असायचं. नंतर रद्द झालेल्या जागांवर टपून बसून आम्हाला ज्या रात्री मिळाल्या, त्या भूगोलाच्या क्रमाने नाहीत. मिळालेल्या बुकिंगप्रमाणे जायचं तर आम्हाला दक्षिणेला जाऊन, परत उत्तरेला येऊन, पुन्हा दक्षिणेला जावं लागेल. त्यातही प्रत्येक जागी गाडीची लांबी विचारतात. तिथल्या फायफर बिग सूर उद्यानात बत्तीस फुटांच्या वर मोटरहोम, म्हणजे अशी आरव्ही, चालत नाही. आम्ही तीस फुटी ठरवली. दोन फूट हाताशी राहिले, याचंच मला केवढं समाधान वाटलं होतं.

आणि मग काका आले.

काका नात्यातले नाहीत. इथे आपल्या मंडळींत साठी ओलांडलेला प्रत्येक पुरुष काका असतो, तसे. काही वर्षांपूर्वी ते आरव्ही घेऊन यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात गेले होते. एकदाच गेले, पण अजून परत आलेले नाहीत. लग्न असो, बारसं असो, कुणाच्या बायपासनंतरची भेट असो, काका बोलता बोलता यलोस्टोनला पोचतात आणि तिथून डम्प स्टेशनला, म्हणजे गाडीतलं सांडपाणी रिकामं करायच्या जागी. आमचा बेत त्यांच्या कानावर कुणी घातला हे मला अजून कळलेलं नाही. बायकोवर संशय आहे.

आम्ही जेवायला बसलो होतो. डब्यातला का होईना, आमरस होता.

"ब्लॅक आधी, ग्रे नंतर," काका पहिला घास घ्यायच्या आधीच म्हणाले. "काय?"

"ब्लॅक आधी, ग्रे नंतर," मी म्हटलं.

"का?"

मी गप्प.

"ब्लॅक टँक म्हणजे संडासाचा. ग्रे म्हणजे अंघोळीचं, भांड्यांचं पाणी. ब्लॅक आधी रिकामा केला की मागून येणाऱ्या ग्रेच्या पाण्याने पाइप धुऊन निघतो. उलट केलंस तर?"

बायकोने आमरसाची वाटी खाली ठेवली.

"आणि कॅम्पसाइटवर पाइप जोडलेला असला, तरी ब्लॅकचा व्हॉल्व्ह उघडा ठेवायचा नाही. ही चूक सगळे करतात. पातळ असतं ते वाहून जातं आणि घट्ट..."

"काका, वाढू का अजून?" बायकोने घाईघाईने विचारलं.

"वाढ की. आणि घट्ट तिथेच साठतं. पिरॅमिड होतो, पिरॅमिड!" काकांनी वाटीतल्या आमरसावर चमच्याने पिरॅमिडचा आकार दाखवायचा प्रयत्न केला. चिरंजीव खूश होते. इतक्या दिवसांत त्याला या सहलीत पहिल्यांदाच रस वाटला.

इथवर माझी काही तक्रार नव्हती. माहिती खरी होती, वेळ चुकीची होती एवढंच. पण हात धुऊन आल्यावर काका माझ्याकडे बघून, अगदी मायेने म्हणाले, "तुला जमायचं नाही रे."

"काय?"

"चालवणं. ड्राइव्हवेमधून साधी कार बाहेर काढताना तू कचऱ्याचा डबा पाडतोस. मी पाहिलंय."

तो डबा वाऱ्याने पडला होता. ही गोष्ट मी तिथेही सांगितली आणि इथेही सांगतो. शिवाय कॅलिफोर्नियात चाळीस फुटांपर्यंतची मोटरहोम साध्या लायसन्सवर चालवता येते. सरकारला माझ्यावर भरवसा आहे. काकांना नाही. आणि हे त्यांनी बोलायचं ते माझ्या मुलासमोर.

"दोरी आहे घरात?" काका उठले.

तीस फूट त्यांनी पावलांनी मोजले. मला पुढे उभं केलं. माझ्यामागे दोरी धरून बायको, तिच्यामागे दोरी धरून चिरंजीव. कोपऱ्यावरची पत्रपेटी म्हणजे पेट्रोल पंपाचा खांब. मी तिला वळसा घालायचा, मागच्या चाकाने माझ्यापेक्षा आतून वळायचं आणि शेपटाने विरुद्ध बाजूला बाहेर झुकायचं. लांब गाडीत हे खरंच असं होतं. मागची चाकं आतला रस्ता कापतात आणि चाकांच्या मागे लटकणारा भाग उलट दिशेला फिरतो, म्हणून पंपाचे खांब आणि शेजारच्याच्या गाड्या ओरखडल्या जातात. हे मला व्हिडिओ बघून समजलं होतं. काकांच्या मते ते पायात भिनायला हवं.

"काका, पण दोरी सैल पडतेय," बायको म्हणाली. ती इंजिनिअर आहे. "गाडी कशी सैल पडेल?"

काका क्षणभर थांबले. "तू ताणून धर," ते म्हणाले. "आणि बाळा, तू शेपूट आहेस ना? मग हात पसर. शेपूट रुंद असतं. साडेआठ फूट."

बाळाने हातात झाडू आडवा धरला. मी वळलो. बायको आतून आली. झाडू फिरला आणि फूटपाथवरून कुत्र्याला फिरवत चाललेल्या एका आजीबाईंच्या टोपीच्या अगदी जवळून गेला.

त्या घाबरल्या नाहीत, थांबल्या. दोरीकडे बघितलं, झाडूकडे बघितलं आणि फार आदराने विचारलं, "तुमचा सण आहे का आज?"

"नाही," काका म्हणाले, "ही आरव्ही आहे."

"अच्छा!" त्या म्हणाल्या. एवढंच. जणू या गल्लीत संध्याकाळी कुणी ना कुणी आरव्ही असतंच. मग जरा घुटमळून म्हणाल्या, "मी आले तर चालेल?"

कुणीही शहाणा माणूस इथे आभार मानून विषय संपवेल. काकांचा चेहरा उजळला. "चालेल म्हणजे काय! मोठी आरव्हीवाली माणसं मागे आपली कार ओढत नेतात. तुम्ही कार व्हा."

आणि त्या झाल्या. दोरीचं उरलेलं टोक एका हातात, कुत्र्याचा पट्टा दुसऱ्या हातात. आम्ही गल्लीतून निघालो. पुढे मी, मग बायको, मग झाडूसह शेपूट, मग ओढलेली कार आणि शेवटी कुत्रा, जो कोण होता हे काकांनी स्पष्ट केलं नाही. समोरच्या घराचा पडदा हलला. कुणीतरी फोन वर धरला होता, मला दिसला.

"आता रिव्हर्स!" काका ओरडले, आणि लगेच दोन्ही हात वर करून, "थांबा! थांबा! कार मागे असताना रिव्हर्स नाही घ्यायचा! चारही चाकांवर ओढलेली कार मागे ढकलता येत नाही, पुढची चाकं मुरडतात. आधी कार सोडवा. ताई, तुम्ही सुटा."

आजीबाईंनी दोरी सोडली, पण कुत्रा सुटेना. तो माझ्या बायकोभोवती म्हणजे मागच्या चाकाभोवती दोनदा फिरला होता. पाच-दहा मिनिटं सगळी वाहतूक ठप्प. आजीबाई मात्र जाताना मनापासून म्हणाल्या, "फार छान वाटलं." त्या संध्याकाळी असं वाटलेल्या त्या एकट्याच.

गंमत म्हणजे काका हायवे वनवर कधी गेलेलेच नाहीत. त्या वाटेवरचा बिक्सबी पूल 1932चा आहे, त्याची रुंदी चोवीस फूट, म्हणजे दोन्ही दिशांना मिळून. आमची गाडी साडेआठ फूट आणि वर आरसे. यावर त्यांच्याकडे उत्तर नव्हतं, यलोस्टोन होतं. आणि मला खरी धास्ती आहे ती माझ्या मागच्या गाड्यांची. तिथे दुपदरी रस्त्यावर तुम्ही हळू चालत असाल आणि मागे पाच किंवा जास्त गाड्या साठल्या, तर जागा मिळेल तिथे बाजूला होऊन त्यांना वाट द्यायची, असा कायदाच आहे. चांगलाच कायदा आहे. पण याचा अर्थ डावीकडे डोंगर, उजवीकडे पॅसिफिक महासागर आणि माझे डोळे आरशात, गाड्या मोजत. समुद्र बाकीचे बघणार.

तोही दिसला तर. उन्हाळ्यात त्या किनाऱ्याला तळातलं थंड पाणी वर येतं आणि त्यावर धुक्याचा जाड थर बसतो, कधीकधी दुपारपर्यंत हलत नाही. लख्ख दिसतं ते सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, आणि तेव्हा शाळा असते. रस्ता तरी जागेवर असेल का, हाही प्रश्नच. 2017च्या मे महिन्यात मड क्रीकला अख्खा डोंगर रस्त्यावरून समुद्रात उतरला, तो भाग पुढच्या वर्षीच्या जुलैत उघडला. 2021च्या जानेवारीत रॅट क्रीकला रस्त्याचा तुकडाच वाहून गेला. 1937 साली बिग सूरमधून वाहतूक सुरू झाली, तेव्हापासून तो डोंगर आणि तो रस्ता यांचं जमलेलं नाही.

पैशांचं तर बोलूच नये, पण बोलतो. गाडीचं भाडं वेगळं. मैलांचे पैसे वेगळे. जनरेटर चालवला तर तासाचे वेगळे. अंथरूण-पांघरूण वेगळं, कढई-पातेल्यांचं किट वेगळं. पेट्रोल एका गॅलनला आठ-दहा मैल, आणि तेही कॅलिफोर्नियाच्या भावाने. विमा घेतला, तर त्यात बारीक अक्षरांत लिहिलंय की छताला काही झालं तर ते तुमच्यावर. साधारण बारा फूट उंच गाडीचं दुसरं काय धडकणार? काचेला धडकायला आम्ही कुठे निघालोय? हे सगळं जोडलं तर तेवढ्यात समुद्राकडे तोंड असलेल्या हॉटेलात राहता येतं, जिथला संडास कुठे जातो हे पाहुण्याला ठाऊकही नसतं. हे बायको पहिल्या दिवसापासून म्हणत होती. आता ती म्हणत नाही. नुसती हॉटेलांची पानं उघडी ठेवून लॅपटॉप माझ्याकडे वळवते. तिने बोललेलं मला परवडलं असतं.

आज सकाळी दारात एक मोठी प्लास्टिकची पिशवी ठेवलेली होती. आत काकांचा यलोस्टोनचा सांडपाण्याचा पाइप, गुंडाळून, दोन्ही टोकांना रबरबँड. भाड्याच्या गाडीत पाइप असतोच, बहुधा नवा. पण काकांना नाही कसं म्हणायचं? पिशवी गॅरेजात ठेवावी म्हटलं तर बायको गॅरेजच्या दारात उभी. मी काकांना फोन करून आभार मानले.

"वापर बिनधास्त," काका म्हणाले. "फक्त परत देताना धुऊन दे. मी दिलाय तसा नको."