तिकिटापेक्षा वरखर्चच भारी

एका लेखात म्हटलंय की तरुण मंडळी मुंबईतल्या लोलापलूझासारख्या संगीत महोत्सवांची तिकिटं आता हप्त्यांवर घेतात आणि ही निव्वळ उधळपट्टी आहे. नाही पटलं. फोन, फ्रीज, सोफा हप्त्यांवर चालतो, मग दोन दिवसांचं गाणंच तेवढं चैनीचं कसं?

खरी मेख तिकिटाच्या पुढे आहे. पाचशे रुपयांपर्यंतच्या संगीत कार्यक्रमाच्या तिकिटाला जीएसटी माफ, त्यावर गेलात की तो चढतो. मग ‘सुविधा शुल्क’ (कोणाची सुविधा, ते विचारू नका). पुण्याहून लोलापलूझासाठी मुंबईचं महालक्ष्मी रेसकोर्स गाठायचं तर येण्याजाण्याचं भाडं नि रात्रीचा मुक्काम. शिवाय अशा कार्यक्रमांत बऱ्याचदा पाण्याची बाटली गेटवरच काढून घेतात. आत साधा वडापाव घ्यायचा तरी खिसा चाचपावा लागतो.

आमच्याकडे असं ठरलंय: मोठा महोत्सव वर्षाआड, पण पुण्यातलं डिसेंबरातलं सवाई (शास्त्रीय संगीताचा सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव) चुकवायचं नाही. भारतीय बैठकीचं सीझन तिकीट, संध्याकाळी पोळीभाजीचा डबा, पीएमपीच्या बसने परत. पंडित भीमसेन जोशींनी १९५३ साली त्यांचे गुरू सवाई गंधर्व यांच्या स्मरणार्थ सुरू केलेला हा महोत्सव. तिथे खाली बसलेल्याला सोफ्यावरच्याइतकाच षड्ज ऐकू येतो. पूर्वी रात्रभर चालायचं, आता लाउडस्पीकरच्या नियमामुळे बहुतेक दिवशी रात्री दहाला आटोपतं. वाईट वाटतं, पण त्यामुळे रिक्षाचे पैसे वाचतात हेही खरं!

आयोजकांकडे मागणं एवढंच, की कर-शुल्क धरून पूर्ण आकडा पहिल्याच पानावर दाखवा. पैसे भरायच्या शेवटच्या पायरीवर नको.